जुना ‘मोस्ट वॉन्टेड’ आणि ग्राफिक्स कार्डाची भानगड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ‘नीड फॉर स्पीड : मोस्ट वॉन्टेड’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमच्या २००५ सालच्या आवृत्तीसाठी आहे. त्याच नावाचा दुसरा गेम २०१२ मध्ये आला. त्याची दुखणी वेगळी, औषधंही वेगळी, म्हणून तो इथे घेतलेला नाही. ‘अंडरग्राउंड २’ किंवा त्याहून जुने गेम खेळणाऱ्यांना इथलं बरंच काही लागू पडेल.

मे महिना आला की सोलापुरात कुठे ना कुठे जुना पीसी माळ्यावरून खाली उतरतो आणि फोन सुरू होतात. पहिलं वाक्य ठरलेलं असतं : “कार्ड गेलंय वाटतं.” कार्ड म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड. बहुतेक वेळा ते गेलेलं नसतं. नव्या कार्डाला पैसे घालण्याआधी निदान पहिला प्रश्न आणि सुताची लव साचण्याबद्दलचा (‘पंखा तर फिरतोय’) प्रश्न वाचा.

कार्ड खरंच गेलंय की गेमचीच कटकट आहे, हे कसं ओळखायचं?

बिघाड कधी दिसतो ते बघा. पीसी चालू केल्या केल्या, विंडोज यायच्या आधीच्या काळ्या पडद्यावरच रंगीत ठिपके किंवा उभ्या रेघा दिसत असतील, तर गेमचा दोष नाही. कार्ड, केबल किंवा मॉनिटर यांपैकी काहीतरी बिघडलंय. केबल आणि मॉनिटर बदलून बघणं फुकटात होतं, म्हणून ते आधी. शेजारच्यांकडून मागून आणा.

डेस्कटॉप स्वच्छ आहे, पिक्चर नीट चालतो, पण गेम उघडताक्षणी बंद पडतो, तर तो सॉफ्टवेअरचा मामला. गेम उघडतो, दहा-पंधरा मिनिटं झकास चालतो आणि पोलिस मागे लागले की स्क्रीन गोठते, तर उष्णता किंवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा).

आता एक गोष्ट सांगतो, हसू नका. कॅबिनेटच्या मागे मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते वाकून बघा. वर, कीबोर्ड-माऊसच्या जवळचं जे उभं पोर्ट असतं ते मदरबोर्डचं. कार्डाची पोर्टं त्याच्या खाली, आडवी असतात. नवं कार्ड बसवून केबल जुन्याच जागी ठेवणारे लोक कमी नाहीत. मग “कार्ड टाकून काही फरकच नाही पडला” अशी तक्रार येते. पडणार कसा?

“डी३डीएक्स९ अमुकतमुक डीएलएल मिसिंग” असं येतं. माझ्याकडे तर डायरेक्टएक्स १२ आहे!

आहे ना, पण डायरेक्टएक्समध्ये (गेम आणि कार्ड यांच्यातला विंडोजचा दुभाषा) ही फाइल नसते. डायरेक्टएक्स ९ च्या काळात मायक्रोसॉफ्टने डी३डीएक्स नावाच्या मदतनीस फाइली (डीएलएल) वेगळ्या दिल्या होत्या. प्रत्येक गेम त्यातला आपापला क्रमांक मागतो. विंडोज १० आणि ११ मध्ये डायरेक्टएक्स ९ चा गाभा आहे, या सुट्या फाइली नाहीत. मायक्रोसॉफ्टचा ‘डायरेक्टएक्स एंड-यूजर रनटाइम्स’ नावाचा जून २०१० चा संच उतरवून बसवा, सगळे क्रमांक एकदम येतात. डायरेक्टएक्स १२ ला त्याचा काही त्रास होत नाही.

कुठल्याही साइटवरून ती एकटी डीएलएल उतरवून फोल्डरमध्ये टाकू नका. एक टाकली की गेम दुसरी मागतो, आणि त्या फाइलीबरोबर आणखी काय घरात आलं ते कळतही नाही.

ओरिजिनल डिस्क आहे, कार्डही चांगलं आहे, तरी डबल क्लिक केल्यावर काहीच होत नाही.

यात कार्डाचा संबंध नाही. त्या काळच्या अनेक गेमांच्या डिस्कवर सेफडिस्क नावाचं, कॉपी रोखणारं कुलूप असायचं आणि ते विंडोजमधल्या एका ड्रायव्हरवर चालायचं. त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भगदाडं होती. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने तो ठेवलाच नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने विंडोज ७ आणि ८ मध्येही बंद केला. अशी डिस्क असेल तर एक्सपीचा जुना पीसी तसाच ठेवा, त्याला इंटरनेट जोडू नका आणि त्यावर खेळा. यापेक्षा सरळ उपाय माझ्याकडे नाही.

काय बे, आठ जीबीचं कार्ड घातलं, तरी जुना गेम म्हणतोय व्हिडिओ मेमरी कमी आहे?

चक्रावून टाकणारा प्रकार आहे, पण कारण साधं आहे. या गेमांच्या काळात कार्डाला ६४ किंवा १२८ एमबी मेमरी असायची, २५६ म्हणजे श्रीमंती. मेमरी मोजायला काही प्रोग्रामरांनी असा आकडा वापरला की जो २,१४७,४८३,६४७ च्या पुढे गेला की उलटा फिरून उणे होतो. म्हणजे दोन जीबीच्या वरचं कार्ड गेमला शून्याहून कमी मेमरीचं दिसतं, आणि तो इमानदारीत सांगतो की मेमरी पुरत नाही.

यावर डीजीव्हूडू २ हे फुकट साधन चांगलं. गेम आणि कार्ड यांच्या मध्ये बसून ते जुन्या डायरेक्टएक्सची बोली नव्या डायरेक्टएक्समध्ये समजावतं, आणि गेमला किती मेमरी दाखवायची हेही त्यात ठरवता येतं. २५६ एमबी दाखवा. हा दोष प्रत्येक गेममध्ये नसतो, म्हणून मेसेज आला तरच हे करा.

आमच्या पीसीत कार्डच नाही. ऑनबोर्डवर (मदरबोर्ड किंवा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर) चालेल का?

बोर्ड कोणता, त्यावर आहे. एकेकाळी नेट कॅफेत आणि घरांत इंटेलचे ८६५ आणि ९४५ चिपसेटचे बोर्ड सर्रास असायचे. ८६५ च्या ऑनबोर्डमध्ये पिक्सेल शेडर (ठिपक्या-ठिपक्याचा रंग काढणारा भाग) नाहीच, त्यामुळे त्याच्याकडून फार अपेक्षा नको. ९४५ मधल्या जीएमए ९५० ला पिक्सेल शेडर आहे, पण आकृत्यांच्या कोपऱ्यांचं गणित तो प्रोसेसरवर ढकलतो. गेम चालतो, पण धापा टाकत. ‘व्हिज्युअल ट्रीटमेंट’ लो करा, पाऊस, मोशन ब्लर आणि ओव्हर ब्राइट बंद करा, सावल्या आणि गाडीवरची प्रतिबिंबं सगळ्यात खाली आणा. रिझोल्यूशन ६४० बाय ४८०. एवढं केल्यावर गाडी जागची हलेल. पाऊस बंद केल्याने गेमची मजा जाते असं मला वाटत नाही. उलट रस्ता नीट दिसतो.

गेल्या दहा वर्षांतल्या इंटेल किंवा एएमडीच्या ऑनबोर्डला हा गेम म्हणजे डाव्या हाताचा मळ. अडचण एकच : बाराव्या पिढीपासून इंटेलने आपल्या ग्राफिक्समधला डायरेक्टएक्स ९ चा थेट आधार काढून टाकला. गेमची मागणी मायक्रोसॉफ्टच्या एका थरातून डायरेक्टएक्स १२ कडे जाते. त्यात कधी टेक्स्चर (वस्तूंवर चिकटवलेली चित्रं) गायब होतात, कधी झटके बसतात. तिथे डीएक्सव्हीके वापरून बघा. तो डायरेक्टएक्स ९ ची मागणी व्हल्कन या दुसऱ्या ग्राफिक्स बोलीकडे वळवतो. त्यातली डी३डी९ नावाची डीएलएल गेमच्या फोल्डरमध्ये, स्पीड नावाच्या मुख्य फाइलीच्या शेजारी ठेवायची. गेम ३२ बिटचा आहे, म्हणून ‘एक्स३२’ फोल्डरमधलीच घ्या. विंडोज ६४ बिटचं आहे म्हणून लोक दुसरी टाकतात, मग गेम उघडतच नाही. नको झालं तर ती फाइल काढून टाका, सगळं पूर्ववत.

लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, तरी गेम अडखळतो.

लॅपटॉप जुन्या गेमला ओळखत नाही आणि वीज वाचवायला ऑनबोर्डवर चालवतो. सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, मग ग्राफिक्स. तिथे गेमची स्पीड फाइल जोडा आणि ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. चार्जर लावून खेळा.

गाड्या रुंद आणि बुटक्या दिसतात. कार्ड चुकीचं चित्र काढतंय का?

नाही. गेम चौकोनी मॉनिटरच्या काळातला आहे, चार-तीनच्या प्रमाणात चित्र काढतो, आणि तुमचा मॉनिटर ते ताणून सोळा-नऊ करतो. दोन वाटा आहेत. एक, कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये स्केलिंगला ‘अस्पेक्ट रेशो’ निवडा, बाजूला काळ्या पट्ट्या येतील आणि बीएमडब्ल्यू पुन्हा बीएमडब्ल्यूसारखी दिसेल. दोन, चाहत्यांनी तयार केलेला वाइडस्क्रीन फिक्स टाका. मी दुसरी वाट घेतो.

त्याहून जुन्या गेमांत धुकं गायब, रंगांचे पट्टे, नाहीतर थ्रीडी मोडच मिळत नाही.

१९९७ चा ‘नीड फॉर स्पीड २ एसई’ किंवा १९९९ चा ‘मिडटाउन मॅडनेस’ म्हटलं की कार्डाचा इतिहासच काढावा लागतो. तेव्हा थ्रीडीएफएक्सच्या वूडू कार्डांचं राज्य होतं आणि त्यांची ग्लाइड नावाची स्वतःची भाषा होती. २००० च्या अखेरीस ती कंपनी आटोपली, तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली, आणि ग्लाइड बोलणारं कार्ड पुढे कोणी बनवलं नाही. ‘२ एसई’ ला ग्लाइडच लागतं, त्यासाठी एनग्लाइड किंवा डीजीव्हूडू २ टाका.

धुक्याचं कारण वेगळं. धुकं काढण्याची एक जुनी पद्धत आणि २५६ रंगांची टेक्स्चरं नव्या कार्डांनी सोडून दिली. विंडोज ८ पासून १६ बिट रंगाचे मोडही खरे राहिले नाहीत, नुसती नक्कल केली जाते. इथेही डीजीव्हूडूच कामाला येतो. कम्पॅटिबिलिटी टॅबमधलं ‘रिड्यूस्ड कलर मोड’ आधी लावून बघायला हरकत नाही, पण माझी भिस्त त्यावर नसते.

खेळता खेळता स्क्रीन काळी होते, मग “डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग” येतं.

कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हरला झटका देऊन पुन्हा उभं करतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद सापडेल. कारण ड्रायव्हर असू शकतं, उष्णता किंवा वीजही. ड्रायव्हर आधी तपासा, ते बसल्या जागी होतं.

सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या साधनाने जुना ड्रायव्हर मुळासकट काढा आणि तुमच्या कार्डाला चालणारा शेवटचा ड्रायव्हर टाका. ‘शेवटचा’ म्हणजे आज आलेला नव्हे. एनव्हिडियाच्या जीफोर्स ८, ९ आणि २०० मालिकांसाठी ३४२.०१ वर गाडी थांबते, ४०० आणि ५०० साठी ३९१.३५ वर, आणि बहुतेक ६०० व ७०० मालिकांसाठी ४७० च्या घरात. जीटीएक्स ७५० टीआय नावाने ७०० मधलं असलं तरी आतून पुढच्या पिढीचं आहे, त्याला नंतरचे ड्रायव्हरही मिळाले. आपल्या कार्डाच्या शेवटच्या ड्रायव्हरपुढचा जबरदस्तीने टाकायला गेलात तर इन्स्टॉलर “सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही” म्हणतो, आणि लोक तिथेच कार्ड मेलं असं ठरवून मोकळे होतात.

पंखा तर फिरतोय, मग कार्ड तापतं कशाने?

सोलापुरातला हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर.

कार्ड खोलीच्या हवेनेच गार होतं. थंडीत खोली पंचवीस अंशांवर असताना जे कार्ड सत्तरवर खेळतं, तेच मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, हवा चाळीसच्या वर गेल्यावर, पंच्याऐंशीच्या पुढे जातं. कार्ड तेच, गेम तोच. ८० ते ८५ पर्यंत घाबरायचं कारण नाही. नव्वदच्या पुढे कार्ड स्वतःचा वेग कमी करू लागतं आणि गेम अडखळतो. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं साधन) उघडून सेन्सर्सच्या पानावर तापमान बघा, खेळ अर्धा तास चालू द्या, मग आकडा वाचा. हात लावून “गरम लागतंय” हे निदान नव्हे.

दुसरी गोष्ट लव. साखर पेठ, अशोक चौक, विडी घरकुल, अक्कलकोट रोडची एमआयडीसी, जिथे जिथे लूम चालतात तिथल्या घरांत हवेत सुताची बारीक लव असते. टॉवेलच्या कारखान्याला लागून घर असेल तर विचारूच नका. ही लव साध्या धुळीसारखी भुरभुरीत नसते. पंख्याच्या पात्यांतून ती आत जाते आणि पंखा व खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या यांच्या मधोमध जमून बसते. पंखा वरून स्वच्छ दिसतो, फिरतोही, पण हवा पट्ट्यांपर्यंत पोचत नाही. ब्लोअर मारून ही लव निघत नाही, आणखी दाबून बसते. कार्ड बाहेर काढायचं, प्लास्टिकच्या झाकणाचे चार-सहा स्क्रू काढायचे, पंखा उचलायचा. मग खाली करड्या रंगाचा अख्खा थर दिसतो, छोट्या सोलापुरी चादरीसारखा विणलेला. चिमट्याने एक कोपरा धरला की एकसंध उचलून येतो. नंतर मऊ ब्रश आणि मग ब्लोअर. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो भन्नाट वेगाने फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते.

कार्ड सात-आठ वर्षांचं असेल तर हीटसिंकही (चिपवरचा त्याच पट्ट्यांचा ठोकळा) उघडा. आतली थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी झालेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मटारच्या दाण्याहून कमी पेस्ट ठेवा, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. एक बाजू आधी करकचून आवळली तर चिपचा कोपरा उडू शकतो.

लूमच्या शेजारी राहणाऱ्यांनी हे दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या तोंडावर करावं. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. झाकण काढून समोर टेबलफॅन लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे. तापमान त्याने उतरतं, पण लव दुप्पट जाते.

एसएमपीएस आणि विजेचं काय?

स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं, म्हणून तो तेवढे देतोच असं नाही. कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, सहा पिनची वायर आणखी ७५ देते. जास्त खाणारं कार्ड अशक्त एसएमपीएसवर लावलं की डेस्कटॉपवर सगळं गोड चालतं आणि शर्यत सुरू झाली की पीसी धाडकन रीस्टार्ट होतो. कसलाही मेसेज न येता रीस्टार्ट झाला, तर माझा पहिला संशय एसएमपीएसवर. १२ व्होल्टची लाइन खेळताना ११.४ च्या खाली जायला नको. एचडब्ल्यूइन्फो या साधनात ती दिसते, पण आकडा संशयास्पद वाटला तर मल्टिमीटरने खात्री करा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कार्डाचं नंतर बघू, आधी वायरमन बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या.

खोडरबरने कार्ड घासायचं म्हणतात, खरं आहे का?

आहे. कार्डाच्या सोनेरी पट्टीवर काजळी धरते. पांढरं, मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा स्लॉटपासून लांब झटका, अल्कोहोलने पुसा. पेनाची शाई खोडायचं खरखरीत रबर नको, ते सोन्याचा मुलामाच काढतं. चालू करताना एक लांब आणि दोन आखूड बीप आल्या तर बऱ्याच जुन्या बोर्डांवर अर्थ एकच : कार्ड नीट बसलेलं नाही किंवा सापडत नाही. अशा वेळी हा इलाज आधी.

कोणी हीटगनने कार्ड भाजून देतो म्हणतो. करू का?

नको. भाजलेलं कार्ड काही दिवस चालतं, तेवढ्यात देणाऱ्याचे पैसे वसूल होतात. आतले सूक्ष्म जोड तुटलेले असतात ते तसेच राहतात. २००८ मध्ये एनव्हिडियानेच काही लॅपटॉप चिपांमधल्या कमकुवत मालासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली होती. असे दोष हीटगनने बरे होत नसतात.

मेन्यूमध्ये असताना कार्डातून किर्र आवाज येतो.

मेन्यूत काढायला काही नसतं, म्हणून नवं कार्ड सेकंदाला शेकडो, कधी हजारावर चित्रं काढतं. कार्डावरची तारेची कॉइल किरकिरते. व्ही-सिंक (चित्रांचा वेग मॉनिटरशी जुळवणारी सेटिंग) लावा किंवा कंट्रोल पॅनलमधून ६० ची मर्यादा घाला. वीजही वाचते.

आता घ्यायचंच ठरलं, तर कोणतं कार्ड?

नुसता हा गेम खेळायचा असेल तर महाग कार्ड घेणं म्हणजे पैसे पाण्यात. जीटी ७१० ला वेगळी वायर लागत नाही, ते १९ वॅटवर भागवतं आणि त्याला बहुधा व्हीजीए पोर्ट असतं, म्हणजे जुना मॉनिटर तसाच चालतो. जीटी १०३० त्याहून बरंच दमदार, पण त्यात व्हीजीए नाही, आणि डीडीआर४ वाली आवृत्ती मंद आहे, जीडीडीआर५ वालीच मागा. सेकंडहँडमध्ये जीटीएक्स ७५० टीआय माझं आवडतं. ६० वॅट खातं आणि अनेक मॉडेलांना सहा पिनची वायर लागत नाही. तुमच्या बोर्डाला एजीपी (जुन्या पद्धतीचा कार्ड) स्लॉट असेल तर यातलं काहीच बसणार नाही.

सेकंडहँड घेताना दुकानातच लावून बघायला सांगा. फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी) दहा मिनिटं चालवा आणि जीपीयू-झेड उघडा. जुन्या कार्डाचा बायोस (आत साठवलेला मूळ प्रोग्राम) बदलून त्याला जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकलेले नमुने फिरत असतात. जीपीयू-झेड त्यांतल्या अनेकांपुढे ‘फेक’ असं लिहून दाखवतं. आणखी सोपी खूण : खऱ्या १०५० टीआयला व्हीजीए पोर्ट नसतंच. दिसलं तर नमस्कार करून बाहेर पडा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर रात्रंदिवस चालणारी कमाई) बंद झाल्यावर बाजारात आलेली कार्डंही अजून हातोहात फिरतात. ती सगळी वाईट नसतात, पण पंखे आणि पेस्ट बदलायची तयारी ठेवून भाव करा.

एवढं करूनही चालला नाही तर?

विचारायला येताना “चालत नाही” एवढंच सांगू नका. रनमध्ये डीएक्सडायग लिहून एंटर मारा, ‘सेव्ह ऑल इन्फर्मेशन’ दाबा, ती टेक्स्ट फाइल पाठवा. मेसेजचा मोबाइलवर फोटो काढा, पूर्ण स्क्रीनचा. एसएमपीएसच्या स्टिकरचाही एक फोटो द्या, आणि बिघाड पहिल्या मिनिटाला येतो की विसाव्या, तेही लिहा.